ती विसरणारच आहे, मग भेटायला कशाला जायचे?



रविवारची मिस्सा संपल्यावर आपण चर्चच्या आवारात घटकाभर थांबतो, एकमेकांची विचारपूस करतो. अशा वेळी एक संवाद हल्ली वारंवार कानांवर पडतो. कुणी विचारते, "तुमच्या मावशी कशा आहेत? जाऊन आलात का?" उत्तर येते, "काय जायचं हो! ती कुणाला ओळखतच नाही. गेलो काय नि न गेलो काय, पाच मिनिटांत सगळं विसरते."

असे बोलणारा माणूस वाईट नसतो. तो थकलेला असतो, मनातून दुखावलेलाही असतो. मी स्वतः हे वाक्य अनेकदा बोललो आहे. म्हणूनच आज तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवावासा वाटतो. आपण एखाद्यासाठी जे केले ते त्याच्या लक्षातच राहणार नसेल, तर ते करण्याला काही अर्थ आहे का? आणि उलट बाजूने, आपण एखाद्याला दुखावले आणि तो ते लगेच विसरून गेला, तर त्याचा दोष आपल्याला लागतो का?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो माझ्याच घरात उभा राहिला.

घरातली गोष्ट

माझ्या आईला विस्मरणाचा आजार जडून आता काही वर्षे झाली. सुरुवातीला ती किल्ल्या विसरायची, मग नातवंडांची नावे, मग सकाळी काय खाल्ले ते. जुने मात्र सारे शाबूत. लग्नातली गाणी म्हणते, जपमाळेची रहस्ये क्रमाने सांगते, 'नमो मरिये' सुरू केले की एक शब्द चुकत नाही. पण आताच जेवलो, हे तिला आठवत नाही.

एका संध्याकाळी मी वाडीचा हिशेब घेऊन बसलो होतो. आई खाटेवर बसून विचारत होती, "बाबा आले का रे?" बाबांना जाऊन अकरा वर्षे झाली. "येतील, आई," असे म्हणून मी चार-पाच वेळा वेळ मारून नेली. पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा माझा तोल सुटला. हिशेब चुकत होता, डोके तापले होते. मी ओरडलो, "किती वेळा सांगू तुला? बाबा गेले! तूच मूठमाती दिलीस ना त्यांना!"

आईचा चेहरा पांढरा पडला. तिला ती बातमी नव्यानेच कळली होती. ती काही बोलली नाही. मी तणतणत बाहेर निघून गेलो. जाताना मनात एकच विचार होता: दहा मिनिटांत विसरेल.

आणि ती खरोखरच विसरली. पण संध्याकाळी तिने पेजेला हात लावला नाही. लुगड्याच्या पदराने पुन्हा पुन्हा डोळे पुसत राहिली. माझ्या पत्नीने विचारले, "आई, का रडता? कोण काही बोललं का?" आई म्हणाली, "नाही गं बाय, कोण काय बोलणार? पण काहीतरी वाईट झालंय. काय ते कळत नाही."

मी दारात उभा राहून ऐकत होतो. माझे शब्द तिच्यापाशी उरले नव्हते, पण त्या शब्दांनी केलेली जखम उरली होती. हे कसे? मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, पण याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. म्हणून मी वाचू लागलो. जे समजले ते सोप्या शब्दांत सांगतो.

मेंदूतल्या लाटा

जर्मनीतील येना शहरात हान्स बर्गर नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याच्या चाकाखाली येता येता वाचले. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली. दूर असलेल्या त्यांच्या बहिणीला भावावर संकट आल्याची हुरहूर लागली होती आणि तिनेच वडिलांना तार करायला लावले होते. या प्रसंगाने बर्गर भारावून गेले. एका मनातून दुसऱ्या मनाकडे जाणारी कोणती शक्ती असेल, याचा ते शोध घेऊ लागले.

ती शक्ती त्यांना सापडली नाही. पण शोधता शोधता वेगळेच काही हाती लागले. १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूत चालणाऱ्या विजेच्या सूक्ष्म हालचाली प्रथमच नोंदवल्या. पाच वर्षे त्या पुन्हा पुन्हा तपासून पाहिल्या आणि १९२९ साली आपला शोध प्रसिद्ध केला. सुरुवातीला फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिज येथे एड्रियन व मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा जगाला पटले. आज इस्पितळात डोक्याला तारा लावून 'ईईजी' काढतात, तो बर्गर यांचाच वारसा.

या लाटा फारच दुबळ्या असतात. टॉर्चच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट. त्याचे ३०,००० भाग केले तर त्यांतल्या साधारण एका भागाएवढा दाब डोक्याच्या कातडीवर मिळतो. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला ८ ते १३ लाटा उठतात, त्यांना अल्फा म्हणतात. कामात गढलो की त्याहून जलद अशा बीटा लाटा दिसतात. सेकंदाला ४ ते ८ लाटा असल्या तर थीटा, आणि गाढ झोपेत त्याहूनही संथ अशा डेल्टा.

या लाटा म्हणजे आपले विचार, असे मात्र समजू नये. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एकेकीचा आवाज बाहेर ऐकू येत नाही. चर्चमध्ये सारे लोक एका सुरात जपमाळ म्हणत असतील, तर बाहेरच्या रस्त्यावर शब्द कळत नाहीत, पण लय स्पष्ट ऐकू येते. तेच लोक सणाच्या दिवशी आवारात गप्पा मारत असतील, तर नुसता गलबला ऐकू येतो. लाखो पेशी एका लयीत काम करू लागल्या की जी लय बाहेर उमटते, तिला मेंदूची लाट म्हणतात.

आठवण कशी तयार होते?

दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, बोटाएवढा एक वळणदार भाग आहे. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ग्रीक नाव मिळाले हिप्पोकॅम्पस. आयुष्यातला एखादा नवा प्रसंग ध्यानात राहायचा असेल, तर त्याची पहिली नोंद येथे होते.

आपण लक्ष देऊन काही नवे पाहतो किंवा ऐकतो तेव्हा या भागात थीटा लाटा उठतात. समुद्राच्या मोठ्या लाटेच्या अंगावर छोट्या लाटा खेळतात, तशा त्यांच्यावर गॅमा नावाच्या जलद लाटा स्वार झालेल्या असतात. चेहरा ओळखणारा भाग, आवाज ऐकणारा भाग, वास घेणारा भाग यांना ही लय एकत्र बांधते, असे शास्त्रज्ञ मानतात. ज्या पेशी वारंवार एकत्र काम करतात त्यांच्यातला दुवा बळकट होतो, असा विचार डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडला होता. १९७३ साली ब्लिस व लोमो यांनी सशांच्या मेंदूवर प्रयोग करून असा दुवा खरोखरच बळकट होतो आणि पुढे कित्येक तास तसाच राहतो, हे दाखवून दिले.

पण ही पहिली नोंद कच्ची असते. आपल्याकडे दुकानदार दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो आणि मग सवडीने खतावणीत उतरवतो. मेंदू हे उतरवण्याचे काम बरेचसे झोपेत करतो. गाढ झोपेत सेकंदाला साधारण एक अशी संथ लाट येते. तिच्या जोडीला क्षणभर टिकणाऱ्या जलद लाटांचे झुबके येतात, आणि त्याच सुमारास हिप्पोकॅम्पसमध्ये अतिजलद तरंग उमटतात. १९९४ साली विल्सन व मॅकनॉटन यांना उंदरांमध्ये असे आढळले की दिवसा हिंडताना ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या होत्या, त्याच पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र जाग्या होत होत्या. दिवसाची उजळणी रात्री चालते ती अशी. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांना आई "झोप आता" म्हणून ओरडते, ते उगीच नव्हे.

अल्झायमरच्या आजारात हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा भाग सुरुवातीपासूनच झिजू लागतो. मेंदूच्या लाटाही मंदावतात. खतावणीची जुनी पाने अजून वाचता येतात, पण आजची नोंद कीर्दीतच होत नाही. म्हणून माझ्या आईला साठ वर्षांपूर्वीचे लग्न आठवते आणि आजची पेज आठवत नाही. तिचा हा हट्ट नाही. ती मुद्दाम करत नाही.

हेन्री नावाचा माणूस

या विषयाला ज्या एका माणसाने सर्वांत अधिक मदत केली, त्याला ती मदत कधीच आठवली नाही. हेन्री मोलेसन हा अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याचा रहिवासी. त्याला फेफऱ्याचे तीव्र झटके यायचे. १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, झटके थांबावेत म्हणून शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढून टाकला. झटके कमी झाले. पण त्या दिवसापासून हेन्रीच्या मनात नव्या प्रसंगाची आठवण टिकेनाशी झाली. बुद्धी शाबूत, भाषा शाबूत, स्वभाव गोड, बालपण लक्षात. फक्त आताचा क्षण गेला की गेला.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिले. आरशात पाहत चांदणीच्या आकृतीवर पेन्सिल फिरवायची. हात उलटसुलट जातो, कुणालाही ते प्रथम जमत नाही. हेन्री रोज नव्याने हे काम पाहायचा, आपण हे पूर्वी केले आहे याची त्याला पुसटशीही कल्पना नसायची. पण तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरू लागला. मनाला जे ठाऊक नव्हते ते हाताने शिकून घेतले होते.

सुझॅन कॉर्किन या संशोधिका हेन्रीला चार दशकांहून अधिक काळ भेटत राहिल्या. त्या कोण, हे त्याला कधीच सांगता आले नाही. पण त्या परक्या नाहीत, असे मात्र त्याला वाटायचे. बहुधा हायस्कूलमध्ये आपण एकत्र होतो, असा तो तर्क करायचा. २००८ साली वयाच्या ८२व्या वर्षी तो वारला, तोपर्यंत जगाला तो केवळ 'एच. एम.' या दोन अक्षरांनीच माहीत होता.

हेन्रीमुळे एक मोठी गोष्ट कळली. स्मृती ही एकच खोली नाही, ते अनेक खोल्यांचे घर आहे. घटना लक्षात ठेवणारी खोली वेगळी, हाताचे कसब सांभाळणारी वेगळी आणि भावना जपणारी आणखी वेगळी. एका खोलीला कुलूप लागले म्हणून सारे घर बंद होत नाही.

टाचणी आणि अश्रू

भावनेची खोली कशी चालू राहते, याचे एक जुने उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. जिनिव्हातील डॉक्टर एदुआर्द क्लापारेद यांच्याकडे स्मृती गेलेली एक स्त्री होती. रोज भेटूनही ती डॉक्टरांना ओळखत नसे. एकदा हस्तांदोलन करताना डॉक्टरांनी बोटांत टाचणी लपवून तिला टोचली. ती ते लगेच विसरली. पण पुन्हा भेट झाली आणि डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला नीट सांगता येईना. क्लापारेद यांनी हा प्रकार १९११ साली प्रसिद्ध केला. विज्ञानाला यातून मोठा धडा मिळाला, पण विसरणाऱ्या बाईला टोचावे का, हा प्रश्न मात्र मनात राहतोच.

शंभर वर्षांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी कुणाला न टोचता हाच प्रश्न विचारला. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या पाच जणांना त्यांनी आधी दुःखद आणि दुसऱ्या वेळी आनंददायक चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना चित्रफितीतले जवळजवळ काहीच आठवेना. पण दुःख मात्र रेंगाळत राहिले, आनंदही रेंगाळला. हे २०१० साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांबाबतही तसेच आढळले. कारण निघून गेले होते, भावना उरली होती.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. माझी आई त्या संध्याकाळी नेमकी त्याच अवस्थेत होती. निरोगी माणसाला आपण का रडतो हे ठाऊक असते, म्हणून तो स्वतःची समजूत तरी घालू शकतो. तिच्यापाशी दुःख होते, पण त्याचे कारण नव्हते. "विसरेल ती" असे म्हणून मी स्वतःला सोडवले होते. प्रत्यक्षात तिचे विसरणे हेच तिचे दुःख अधिक असह्य करत होते.

माणूस म्हणजे केवळ त्याच्या आठवणी का?

कुणी म्हणेल, "अहो, आई आता आईच राहिली नाही." हा विचार नवा नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत असे मांडले की जिथवर माझी जाणीव मागे पोहोचते, तिथवर मी तोच माणूस. म्हणजे जे मला आठवत नाही, ते जणू माझे नाही.

स्कॉटलंडचे टॉमस रीड यांनी १७८५ साली याला साधे उत्तर दिले. एका मुलाने बाग लुटली म्हणून शाळेत मार खाल्ला. तो पुढे शूर अधिकारी झाला, तेव्हा त्याला तो मार आठवत होता. म्हातारपणी तो सेनापती झाला. आता त्याला आपले शौर्य आठवते, पण लहानपणचा मार आठवत नाही. तर मग तो मुलगा आणि हा सेनापती वेगवेगळी माणसे म्हणायची का? रीड म्हणतात ते आपल्या अनुभवालाही पटते. आठवण ही मी तोच असल्याची खूण आहे, पण ती खूण पुसली म्हणून माणूस पुसला जात नाही.

आपणा श्रद्धावंतांसाठी यात आणखी एक भर आहे. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात स्मृतीचा फार खोल विचार केला आहे. स्मृतीच्या विस्ताराने ते थक्क होतात. 'मी विसरलो आहे' हे मला आठवते तरी कसे, असा प्रश्न विचारतात. आणि शेवटी कबूल करतात की मी जो काही आहे तो सारा मलाच कळत नाही. सर्वांत तल्लख बुद्धीचा मनुष्यही स्वतःला पूर्ण ओळखत नाही, तर माझी आई स्वतःला विसरली म्हणून ती नाहीशी कशी होईल? यशया संदेष्ट्याच्या ४९व्या अध्यायात तर देव म्हणतो की एखादी आई आपल्या लेकराला विसरली तरी तो विसरणार नाही. आपले असणे आपल्या आठवणींच्या आधारावर उभे नाही. कुणीतरी आपल्याला आठवणीत धरून ठेवतो, म्हणून आपण आहोत.

आणि हे धरून ठेवण्याचे काम आपल्यालाही वाट्याला आले आहे. आईला आता स्वतःची गोष्ट सांगता येत नाही. ती गोष्ट तिच्यासाठी आपण सांगायची.

मग खरे सांगायचे की खोटे?

येथे एक अवघड प्रश्न येतो. आई विचारते, "बाबा आले का?" खरे सांगितले तर तिला दर वेळी नव्याने वैधव्य येते. "येतील" म्हटले तर ते खोटे. आठव्या आज्ञेचे काय?

यावर मी आमच्या फादरांशी बोललो, सेवा करणाऱ्या सिस्टरांशीही बोललो. त्यातून मला जे उमगले ते असे. एखादा मृत्यू घडतो तेव्हा विस्मरण झालेल्या माणसालाही तो सांगावा, त्याला अंत्यविधीत सामील करून घ्यावे. रडण्याचा तिचा हक्क आहे. पण तेच सत्य दिवसातून वीस वेळा अंगावर फेकणे ही सत्यनिष्ठा नव्हे. सत्याचा उपयोग मी त्या दिवशी दगडासारखा केला होता.

त्याच वेळी, सोयीसाठी काहीही थापा मारणेही बरे नाही. त्याने आपल्यालाच सवय लागते, आणि हळूहळू समोरच्याला आपण माणूस समजेनासे होतो. या दोहोंच्या मधे एक वाट आहे. आई विचारते, "बाबा आले का?" तेव्हा ती वेळापत्रक विचारत नाही. तिला एकटे वाटते आहे. आता मी तिच्याजवळ बसतो आणि म्हणतो, "बाबांची आठवण येते ना, आई? ते तुला लग्नाआधी पहिल्यांदा कुठे भेटले गं?" मग ती हसते. विहिरीवरची गोष्ट सांगते. ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली आहे. तिच्या दृष्टीने ती पहिल्यांदाच सांगते. यात मी खोटे बोललो नाही आणि तिला दुखावलेही नाही.

कुणाच्याच लक्षात न राहिलेले प्रेम

तरी एक शंका उरते. भावना रेंगाळते हे खरे, पण तीही काही वेळाने विरते. उद्या असाही दिवस येईल की आपल्या भेटीचा कसलाच मागमूस तिच्यापाशी उरणार नाही. मग?

माझ्यापाशी याचे एकच उत्तर आहे, आणि ते आपणा सर्वांच्या घरात आहे. आपल्या वयाची पहिली दोन-तीन वर्षे आपल्यापैकी कुणालाही आठवत नाहीत. त्या वयात मेंदूची आठवण साठवणारी यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. आपल्याला कुणी पाजले, कुणी रात्र रात्र मांडीवर घेऊन येरझारा घातल्या, कुणी ढुंगण धुतले, यांतले काही म्हणजे काही आपल्या लक्षात नाही. त्या वेळी आपली आई असे म्हणाली का, "कशाला जागू? याला थोडंच आठवणार आहे?"

ते प्रेम वाया गेले, असे कुणी म्हणत नाही. आज आपण जे काही आहोत ते त्याच न आठवणाऱ्या प्रेमावर उभे आहोत. आईने तेव्हा हिशेब मांडला नाही. आता तिची पाळी आली, तेव्हा आपण मांडावा का?

शिवाय आनंद हा ज्या क्षणी असतो त्या क्षणी पुरता खरा असतो. मागाहून आठवला तरच तो खरा, असा नियम नाही. दुपारी तासभर आई हसली, तर तो तास तिने आनंदात घालवला. तिच्या आयुष्यातून तो वजा होत नाही.

या आठवड्यात काय करता येईल?

मी हे कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. दिवसरात्र सेवा करणाऱ्यांचा संयम कधीतरी सुटतोच, आणि बहुतेक घरांत ही सेवा सुनेच्या किंवा लेकीच्या एकट्या खांद्यावर पडलेली असते. माझ्या घरीही ओरडणारा मी होतो आणि मन धरणारी माझी पत्नी होती. म्हणून आपल्या धर्मग्रामातील अशा एका घरी या आठवड्यात जाऊन या. आजारी माणसाजवळ तासभर बसा आणि घरच्या बाईला तेवढा वेळ मोकळा द्या.

गेल्यावर "मला ओळखलंस का?" असे विचारू नका. ती परीक्षा असते आणि त्यात ती नापास होते. आपणच आपले नाव सांगा. हात हातात घ्या. जुने गाणे म्हणा, जपमाळेचे एक दशक सोबत म्हणा. तीच गोष्ट पुन्हा सांगितली तर पुन्हा ऐका. तिच्यासमोर तिच्याविषयी, जणू ती तिथे नाहीच अशा रीतीने, बोलू नका. निघताना तिचा चेहरा हसरा असेल एवढे पाहा. तुम्ही आल्याचे ती विसरेल. पण त्या संध्याकाळी ती का कोण जाणे, बरी राहील, आणि घरचे म्हणतील, "आज आई खुशीत आहेत."

माझे त्या दिवसाचे बोलणे मी पुढच्या शनिवारी पापनिवेदनात सांगितले. घरी येऊन आईच्याही पाया पडलो आणि म्हणालो, "आई, माझं चुकलं." तिला काय चुकले ते ठाऊक नव्हते. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारले, "जेवलास का रे?"

मग म्हणाली, "बाबा आले का?"

मी तिच्या शेजारी खाटेवर बसलो.